लिलावात गेलेला बिननंबरी कॅमेरा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शिरूरला एसटी डेपोजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे आणि पोलिसांच्या पंचनाम्याचे फोटो मीच काढतो. ट्रकखाली चेंगरलेले, विहिरीत फुगलेले, कोयत्यानं तुटलेले... सगळं बघून घरी येऊन निवांत जेवणारा माणूस मी. तेव्हा मला कुणी घाबरट म्हणू नये.

दौंडच्या एका जुन्या रेल्वे बंगल्यातलं सामान भंगारात निघालं, त्यातून माझ्या मेहुण्यानं, विकासनं, एक कॅमेरा उचलला. जुना रेंजफाइंडर, अंगावर नंबरच नाही. मुंबईच्या लिलाववाल्यांना फोटो धाडले तर ते उडालेच — म्हणे हा कारखान्यानं विक्रीआधी चाचणीपुरता बनवलेला नमुना, असा दुसरा मिळणं मुश्कील. फक्त फोकस चालतो का ते बघून कळवा.

या कॅमेऱ्यात डोळा लावला की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक, एक फिकी. रिंग फिरवून फिकी ठळकवर बसवली की फोकस झाला.

विकासला स्टुडिओच्या दारात उभा केला. ठळक विकास हसत होता. फिका विकास चिखलात पालथा, मानेत कुऱ्हाड रुतलेली, उजव्या पायात चप्पल नाही... मी हबकलो, पण हाताची सवय वाईट. बोटांनी रिंग फिरवली आणि उभ्या विकासवर तो आडवा विकास जाऊन बसला.

"काय झालं दाजी? बघू," म्हणत त्यानं कॅमेरा घेऊन माझ्यावर रोखला. "आयला, तुम्ही यात आडवं का पडलाय? आन् डोक्याला काय झालंय?" त्याचा हात रिंगकडे गेला तसा मी कॅमेरा हिसकावला.

मला दिसलं ते सगळं त्याला सांगितलं. बांधावरून चुलतभावाशी त्याचं वाकडं होतं, म्हणून हातापाया पडलो की आज रानात जाऊ नको. "मुडदे बघून बघून डोकं फिरलंय तुमचं," म्हणाला आणि उसाला पाणी धरायला गेला.

संध्याकाळी पोलिसांचा फोन आला, पंचनाम्याला या. चुलतभावानं मागून घावावर घाव घातले होते. मान अर्धी तुटली होती, सरीतलं पाणी लाल. कुऱ्हाड तशीच मानेत. उजव्या पायात चप्पल नव्हती. मी फोटो काढले. माझे हात थरथरले नाहीत, त्याची मला अजून चीड येते.

कॅमेरा मी घणानं फोडणार होतो. बायको आडवी आली. "माझ्या भावाच्या पोरींचं शिक्षण हाय त्यात. फोडलात तर मला तोंड दाखवू नका." गेला लिलावात. कुणा परदेशी माणसानं घेतला.

परवा त्याचा मेल आला. कॅमेरा कुठंही रोखला, अगदी भिंतीवर, तरी फिकी प्रतिमा एकच दिसते... एक माणूस उताणा पडलाय, डोकं फुटलंय, मागं दारावर कसलीशी अक्षरं. ती अक्षरं त्यानं चित्रासारखी उतरवून पाठवली होती. माझ्या स्टुडिओचं नाव होतं ते. प्रतिमा काही केल्या जुळत नाही, म्हणून त्यानं कॅमेरा कारागिराकडे दिलाय. तो नीट जुळवून देणार आहे.

मी लगेच लिहिलं — बाबा, पाया पडतो, जुळवू नकोस. अजून उत्तर नाही.

हे काय आहे ते मला आजही सांगता येत नाही. स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बसलोय. बायको सारखी विचारते, "तुमचं कुणाशी वैर हाय का?" खूप आठवून बघितलं. माझं कुणाशीच वैर नाही.