शिकंज्यातला शब्दकोश

बाइंडरकाकांनी एकोणचाळीस वर्षं ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं शिवली. खोली तळघरातली. सरसाचा वास, सुयांचा डबा, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. वाचन शून्य. "मी पुस्तकं बाहेरून वाचतो," म्हणायचे.

त्यांची मैत्रीण नातीच्या वयाची, साहित्यात एम.ए. काका तिला 'मास्तरीणबाई' म्हणत. काका थकले, असं ग्रंथपालबाईंचं मत झालं होतं. शिकंज्यात होता तो जाडजूड शब्दकोश नीट बांधला तरच काम राहणार. मास्तरीणबाईला हे ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात वरच्या सभागृहात तिचं पहिलं भाषण होतं, 'प्रिपेअर' या इंग्रजी शब्दावर.

"काका, शब्दकोश आज हवाय. लोकांना पान उघडून दाखवायचंय."

"परवा. सरस ओला आहे."

"ऐका तरी! लॅटिनमध्ये 'प्रे' म्हणजे आधी, 'पारारे' म्हणजे सज्ज करणं. 'पेअर', म्हणजे साल काढणं, तासणं, तोही त्याच घरातला. आणि 'रिपेअर'सुद्धा."

काका रापीने चामड्याची कड तासत होते. दुमडायच्या आधी ती पातळ करावी लागते, नाहीतर बांधणी फुगते.

"म्हणजे जन्मभर मी हेच एक घराणं सांभाळतोय की!" ते हसले. "मग त्याला वाळू दे ना, बाई."

"पाया पडते तुमच्या. सगळ्यांसमोर माझी फजिती होईल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग शिकंजा सैल केला.

भाषण झकास झालं. संपेपर्यंत दिव्यांखाली शब्दकोशाचे पुठ्ठे होडीसारखे वाकले होते. पाठीचं चामडं सुटलं होतं. ग्रंथपालबाईंनी काकांना तिथेच बोलावून घेतलं.

"हे काय? पोरखेळ आहे का?"

"चूक झाली," काका म्हणाले. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"राहू द्या आता. पुढचं काम मी बाहेर देते."

मास्तरीणबाईच्या हातात फुलांचा गुच्छ होता. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी तिचं अभिनंदन केलं. ती "थँक्यू" म्हणाली.

ग्रंथपालबाईंना खरं सांगायला तिला चार दिवस लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काम दिलं मी दुसऱ्याला. त्या दिवशी तिथेच उभ्या होतात ना तुम्ही? तेव्हा का नाही बोललात?"

ती तळघराचा जिना उतरू लागली.

खाली काका सुया पुसून डब्यात भरत होते. ती जिन्यातच थांबली. त्यांना दाखवायला तोंड नव्हतं.