हवा फिरली, मोठीमाय!

आमची मोठीमाय निवांत बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्यानं खुशाल पुढे यावं. माझ्या थोरल्या काकांची ही बायको जेवायचीसुद्धा एक गुडघा उभा ठेवून, उठायच्या तयारीतच. बालाघाटात आमच्या घरामागे राईस मिल आणि समोरून मँगनीजचे ट्रक. त्यात काकांना दमा. त्यामुळे बाहेरच्या हवेचं आणि मोठीमायचं उभं वैर.

मिलच्या भुशाच्या भट्टीचा धूर आमच्याकडे वळला की तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. "हवा फिरली वं! खिडक्या लावा!" झालं, घरभर पळापळ. खिडक्या लागायच्या, फटींवर ओली लुगडी चढायची. मला पाहायला किरनापूरहून पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा हातात असतानाच तिनं त्यांना अंधारात कोंडलं.

"काहून वं बाई, लाईट गेली का?" मुलाच्या आईनं विचारलं.

"लाईट हाये. तुमी खा," मोठीमाय म्हणाली. ते स्थळ गेलं ते गेलंच. बरंच झालं म्हणा!

एवढं करून संध्याकाळी पलंगाच्या काठावर बोट फिरवलं की काळं. कवेलूच्या छपराला, कौलाकौलातल्या फटींना कोण लुगडं बांधणार? ती चिडून पुसायची, पुन्हा पुसायची. मग हवा साफ व्हावी म्हणून बंद घरात गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून धूप फिरवायची. काका खोकले की आणखी पाला टाकायची. एकदा डॉक्टर घरी आले ते दारातच खोकत उभे राहिले. "अम्मा, बाहर का धुआँ अंदर, और घर का भी अंदर! आदमी साँस कहाँ ले?"

धूप त्याच दिवशी बंद झाला. पण बाई पार खचली. "मीच त्याईले कोंडून धूर देल्ला वं," म्हणत घरभर फिरायची. काकाच तिची समजूत घालायचे, "जाऊ दे, मच्छर तं मेले ना!" पुढे मिल बंद असली की ती खिडकी उघडायची, पण उघड्या खिडकीशी पहारेकऱ्यासारखी उभी.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. नंतर मी माहेरी आले, तर मोठीमाय त्यांच्या पलंगावर बसलेली. चक्क बसलेली! मागून मिलचा धूर आत येत होता, उशीवर राख पडत होती, आणि ही हलेना.

"हवा फिरली, मोठीमाय!" मी ओरडले.

"फिरू दे. आता कोनाची छाती जपाची हाये?"

काय संताप आला मला! "तुही! तुले छाती नाही का? बोलता बोलता धाप लागून राह्यली तुले!"

डोळे भरून आले तिचे, माझेही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मंग उभी काय राह्यली वं?" ती म्हणाली. "लुगडं भिजव."