नऊ ते एक

टेलर मास्तर वेळ कपड्यांत मोजत. शर्ट म्हणजे तीन तास, पँट म्हणजे चार. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला निघाला तेव्हा त्यांनी चष्मा लावून त्याचं विमानाचं तिकीट वाचलं. निघणार सकाळी नऊ, पोचणार दुपारी एक. बोटं मोजली, तिकीट परत दिलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

दुकानाच्या दारातला इस्त्रीवाला चिडवायचा, "मास्तर, पोरगा पार सातासमुद्रापार गेला की!"

"कसले सात समुद्र? चार तास. एक पँट होते तेवढ्यात."

"मग तीन वर्षांत एक तरी पँट होऊ द्या. फिरकत का नाही?"

"कामात असतो," म्हणत मास्तर मशीन जोरात चालवत.

इकडे दिवस असताना तिकडे रात्र असते, हे त्यांना फोनमुळे ठाऊक होतं. पण ते कापड वेगळं, हे वेगळं. दोन्ही जोडून बघावीत असं कधी सुचलं नाही.

मग बायकोने अंथरूण धरलं. दवाखान्यात मास्तर रोज तेच म्हणत, "आत्ताच कशाला त्याची रजा घालवायची? हाकेच्या अंतरावर तर आहे. लागेल तेव्हा बोलावू."

ती त्यांच्याकडे बघत राही. "हो. लागेल तेव्हा."

एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावलं. "संध्याकाळपर्यंतचं सांगतो. पुढचं नाही."

दहा वाजता मास्तरांनी फोन लावला. मुलगा झोपेतून उठला होता. "मिळेल त्या विमानाने निघतो, बाबा."

मास्तर आत आले. "येतोय तो. दोन वाजतील. फार तर अडीच धर."

"मग केस विंचरा माझे."

त्यांनी कंगवा घेतला. घाईघाईने फिरवू लागले.

"सावकाश हो. वेळ आहे."

खडूने रेघ मारावी तसा त्यांनी भांग पाडला. दोन वाजले, तीन वाजले. मास्तर दाराशी जात, परत येत. "बसा बघू," ती म्हणाली, "विमानांना उशीर होतोच." पावणेसहाला ती गेली.

मुलगा आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

"चार तासांचा रस्ता," मास्तर म्हणाले. "होतास कुठे?"

"साडेचौदा तासांचा, बाबा. तिथली घड्याळं आपल्या साडेदहा तास मागे असतात. तिकिटावर पोचायची वेळ तिथली होती."

"मग सांगायचं नाही?"

मुलाने मान खाली घातली. "आईला सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. ती म्हणाली, त्यांचे चार तासच राहू देत. तेवढ्यावर त्यांना झोप लागते."

दवाखान्यातून आणलेली पिशवी मास्तरांच्या मांडीवर होती. त्यांनी हात घातला, तर कंगवा लागला. तो त्यांनी बाहेर काढला नाही. हात आत तसाच राहिला. वेळ आहे, म्हणाली होती.