खड्डे न कळणारी गाडी

"खड्डे? कळतच न्हाईत बघा, म्याडम."

सर शाळेच्या ओट्याला गाडी लावायचे, एक पाय ओट्यावर टेकवून खाली उतरायचे आणि हेल्मेट काढायच्या आधीच हे वाक्य बोलायचे. तेव्हा मी नुकतीच स्कूटीवरून उतरून कमरेला हात लावून उभी असायची. अशा वेळी काय बोलू नये हे कुणालाही कळलं असतं. सरांना कळायचं नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मनाने चांगला, कुणाचं वाईट न चिंतणारा, आणि तरी त्याची आठवण आली की दातओठ खावेसे वाटतात.

आमची शाळा लोह्याच्या पुढं, फाट्यावरून आत. फाट्यापर्यंत नांदेडहून येणारा रस्ता बरा आहे. आतल्या रस्त्यावर डांबर शोधावं लागतं. सर मूळचे उदगीरचे, नोकरीसाठी नांदेडला खोली करून राहिलेले. पूर्वी त्यांच्याकडे जुनी खडखडणारी मोटारसायकल होती, आणि तेव्हा ह्या रस्त्याला सगळ्यांत जास्त शिव्या तेच घालायचे. गावकऱ्यांना घेऊन फाट्यावर रास्ता रोको केला तोही त्यांनीच. "रस्ता होईस्तोवर ह्या लोकांला झोपू देत न्हाई," म्हणायचे. आम्ही सगळे त्यांच्या भरवशावर होतो.

मग त्यांनी ती गाडी घेतली. लांबच्या सफरीची, डोंगरदऱ्यांतून हिंडायची, उंटासारखी उंच. सरांची उंची बेताची. सीटवर बसले की पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागायचे, म्हणून थांबायला ओटा नाहीतर दगड शोधावा लागायचा.

मधल्या सुट्टीत डबे उघडले की सरांची गाऱ्हाणी सुरू व्हायची. समोरची काच छातीवरचा वारा अडवते आणि नेमका हेल्मेटवर आणून आदळते. इंजिनची धग पोटरीला लागते. मागच्या दोन पेट्यांमुळे लोह्याच्या बाजारातून वाट मिळत नाही. सर्व्हिसिंगला लातूर गाठावं लागतं. आणि ज्या टपरीवर थांबावं तिथं एकच प्रश्न, ॲव्हरेज किती देती. हाताच्या मुठी गरम करायचं एक बटणही होतं. मे महिन्यात ते चुकून दाबलं गेलं तेव्हा गाडी पेटली समजून सर रस्त्यातच खाली उतरले होते. ही सगळी तक्रार ते लाडक्या लेकाचे प्रताप सांगावेत तशी सांगायचे. रस्त्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो उजेडात धरून सांगितलं, ह्या रस्त्यावरून रोजची ये-जा बंद, कुठल्याही गाडीने, नाहीतर ऑपरेशन. म्हणजे शाळेच्या गावातच खोली करून राहायचं. नांदेडच्या घरी आई एकटी, गुडघ्यांनी थकलेली, आणि घर सोडायला तयार नाही. रस्ता झाला तर मी आईजवळ राहणार होते, नाही झाला तर नाही. सरांना हे सगळं माहीत होतं.

अखेर रस्ता बघायला बांधकाम खात्याचे एक साहेब यायचे ठरले. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने फाट्यावरूनच आत नजर टाकली आणि गाडी खाली घासेल म्हणून चक्क नकार दिला. आम्ही तिथंच जिंकलो होतो. बायका बाजाराला जातात त्या ऑटोत, मागच्या फळीवर साहेबांना बसवायचं, असं सरपंचबाईंनी ठरवलं होतं. ऑटो उभा होता. बाईंनी फळी पुसूनही ठेवली होती.

आणि सर म्हणाले, "साहेब, ऑटोत कशाला तरास करून घेता? माझ्या गाडीवर बसा की."

"सर, नको," मी हळूच म्हणाले.

"असं कसं म्याडम, पाव्हना मानूस हाय."

पाहुण्याला घरातलं चांगल्यातलं चांगलं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. भांडायला आलेल्यालाही आधी पाणी, मग गादी. सरांनी साहेबांना गादी दिली.

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या केसांचा भांगसुद्धा मोडला नव्हता. "ठीक आहे की रस्ता. एवढी ओरड कशाची?" असं म्हणाले. गाडीची चौकशी मात्र बारकाईने केली. ॲव्हरेजही विचारलं. सर खुशीत सांगत राहिले.

"सर, तुमी आमचं वाटोळं केलं," सरपंचबाई म्हणाल्या आणि ऑटोत बसून निघून गेल्या.

रस्ता मंजूर झाला नाही. मी गावात पत्र्याची एक खोली घेतली आणि सरांशी बोलणं टाकलं. ते नंतर त्या ऑफिसात पुन्हा पुन्हा जाऊन बसले, असं कानावर आलं. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, मी स्वतः रस्ता पाहिला आहे. मला सरांची कीव आली नाही. व्हायला हवं तेच झालं असं वाटलं.

मग एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक डबा आणून ठेवला. सकाळी आमच्या घरी जाऊन आईकडून आणला होता. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि कडीच्या डब्यात दही. त्यांनी झाकण उघडून दाखवलं.

"बघा. साय सुदिक मोडली न्हाई."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी घर सोडून पत्र्याखाली पडले होते आणि ह्या माणसाला दह्याचं कौतुक.

"साहेबांची साय पण मोडली नव्हती, सर," मी म्हणाले.

त्यांनी झाकण लावलं. "हाव, म्याडम," म्हणाले आणि वर्गावर गेले.

डबा दर सोमवारी येत राहिला. मी तो रागारागानेच खायची. आई फोनवर सांगायची, सर येतात, पाण्याचा माठ भरून देतात, गुडघ्याचं औषध आणून देतात. ती त्यांना बाळा म्हणायला लागली होती. त्याचाही मला राग आला.

यंदा सरांची बदली झाली, लातूर जिल्ह्यात, घराजवळ. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांच्या गाडीबद्दल गमतीने बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. निघताना ते माझ्यापाशी थांबले.

"म्याडम, माफी मागायला तोंड न्हाई."

"मागूही नका," मी म्हणाले. "रस्ता तसाच आहे."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. वळणापर्यंत गाडी दिसत होती. एवढ्या खड्ड्यांवरून ती एकदाही डगमगली नाही.

आता आई शेजाऱ्यांच्या हाती डबा एसटीच्या कंडक्टरकडे पोचवते. बसलाही फाट्यावरून आत यायला तोच रस्ता. सोमवारी झाकण उघडते तेव्हा आत दही नसतं, ताक असतं, अर्धं भाकरीवर सांडलेलं. संध्याकाळी आई विचारते, दही कसं लागलं होतं. घट्ट होतं, म्हणून सांगते, आणि मनातल्या मनात सरांना एक शिवी हासडते.