घडीचा तास

मालकांनी रविवारी पूर्ण दिवस बोलावलं, की ती मान तिरकी करून विचारायची, "मी तर अर्ध्या दिवसाची बाई. जास्तीचा अर्धा कुठला आणू अप्पा, डोक्याकडचा का पायाकडचा?"

हुमनाबादच्या आमच्या साडीच्या दुकानात ती अकरा ते तीन साड्या दाखवायची. पगार तुटपुंजा, सुट्टी नाही, फंड नाही, दिवाळीला पेढ्यांचा पुडासुद्धा लहान. मी गल्ल्यावर, पूर्ण पगारी. त्यामुळे गरिबांचा कैवार घेणं मला परवडायचं.

साडीचं दुकान तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच पाहिलेलं असणार. "जरा दुसरीकडं बघून येतो," म्हणत तुम्ही उठता आणि मागे उघडलेल्या साड्यांचा ढीग राहतो. त्याच्या घड्या फळीवर लागेपर्यंत घरी जायचं नाही आणि त्या वेळेचा पैसाही मागायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तोवर तिची मन्नाएखेळ्ळीची बस निघून गेलेली असायची.

"घडीचा तास पगारात धरा की अप्पा," ती दर पगाराला म्हणायची.

"धरू की," अप्पाही दर पगाराला म्हणायचे.

एकदा कमठाण्याचं लग्नघर बस्ता बांधायला आलं. ऐन रंगात तीन वाजले. तिनं हातातला पदर नवरीच्या आत्याच्या मांडीवर ठेवला. "अक्का, माझी वेळ झाली. पुढचं अप्पा दाखवतेत." आणि चपला शोधायला लागली.

अप्पा लालबुंद. मला चेव आला. "अप्पा, कायद्यानं तिला जाता येतंय."

"कुठल्या कायद्यानं?"

कायदा मी कुठं वाचला होता? "आहे एक," मी म्हणालो.

"मग त्याच कायद्यानं गादीवर चढ अन् दाखव साड्या!"

चढलो. अंगावर नेसून दाखवायला गेलो, तर निऱ्या पाठीमागं आल्या. नवरी हसून हसून रडली. बस्ता मात्र ठरल्यापेक्षा मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी तिला दारातूनच परत पाठवलं. अर्धवेळच्या बाईला नोटीस लागत नाही म्हणे. मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा तिनंच मला गप्प केलं. "राहू द्या अण्णा. तुम्ही अजून एकदा माझी बाजू घेतली, तर अप्पा मला गावात बी ठेवायचे न्हाईत."

तिच्या जागी आलेल्या दोघींना आता तीनच्या ठोक्याला सोडतात. घड्या मी घालतो.

परवा तीननंतर ती आली. गिऱ्हाईक म्हणून. गादीवर ऐसपैस बसली. "ती दाखवा अण्णा. ती न्हाई वो, तिच्या खालची." ढीग माझ्या गुडघ्याला लागला. काहीच न घेता उठली, पण जाता जाता थबकली. एका इरकलीची दोन टोकं उचलून माझ्यासमोर उभी राहिली.

"धरा तिकडून. तुमच्या घड्या बघवंना गेल्यात."

माझ्या जागी गल्ल्यावर बसलेले अप्पा कडाडले, "लाज हाय का न्हाई रे? गिऱ्हाईकाला फुकट राबवायलास व्हय?"

तिनं अप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग टोकं हळूच गादीवर ठेवली आणि बसच्या दिशेनं चालू लागली. दुसरी दोन टोकं माझ्या हातात.