कापणीच्या सणातली कोंबडी

आमच्या मंडळीचा कापणीचा सण म्हणजे अर्धी उपासना आणि अर्धा बाजार. खरं सांगायचं तर मला बाजाराचा अर्धा जास्त आवडतो. सास्तूरच्या अलीकडे आमचं लहानसं चर्च आहे, मागे मुलांचं बालगृह, आणि तिथली मी मावशी. कागदावर अधीक्षिका, पण तसं मला कुणी म्हणत नाही. आई-बाप गेलेली, नाहीतर असून नसल्यासारखी, अशी मुलं आमच्याकडे राहतात. सोयाबीन निघालं की लोक शेतातलं, परसातलं काही ना काही वेदीपुढे आणून ठेवतात, प्रार्थना होते आणि मग त्याच वस्तूंचा लिलाव लागतो. पैसे मुलांच्या खर्चाला जातात. साध्या भोपळ्यासाठी सख्खे भाऊ इरेला पेटतात. ओरडून ओरडून माझा घसा त्या दिवशी बसतोच.

गेल्या वर्षीच्या सणाला आमच्यात एक नवी मुलगी होती, नऊ वर्षांची. वडील आधीच वारले होते, उन्हाळ्यात आईही गेली, आणि तेर गावाकडच्या एका वस्तीवरून ती आमच्याकडे आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या काखेत आईनं पाळलेल्या कोंबडीचं पिल्लू. पिल्लाची कोंबडी झाली, अंडी घालायला लागली, पण ही पोर काही मागायला शिकेना. ताटात वाढलेलं खायची आणि गुपचूप हात धुवायची. चप्पल तुटली तर अनवाणी हिंडायची, पण सांगायची नाही. बाकीची पोरं दिवसभर माझं डोकं खातात, त्याचा मला वैताग येतो. पण न मागणाऱ्या मुलाची मला भीती वाटते. त्यानं आपलं कुणी ऐकेल ही आशाच सोडलेली असते. "धीर धरा," असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे. धीर आणि माझा छत्तीसचा आकडा आहे.

सणाच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मुलांना सांगितलं होतं, "आपल्याकडचं सगळ्यात चांगलं देवापुढं आणा." मुलांनी मागच्या वाफ्यातली मेथी आणली. ही कोंबडीच घेऊन आली, पायाला लाल रिबीन बांधून! माझा ऊर भरून आला. एवढीशी पोर आणि केवढं मन, असं शेजारणीला मी दोनदा सांगितलं.

लिलाव सुरू झाला. भोपळे गेले, उडीद गेला, मग पाळकसाहेबांनी कोंबडी उचलली. पहिली बोली आली ती माकणीच्या बागायतदारांची. ते काही ख्रिस्ती नाहीत, पण आमचा लिलाव एकदाही चुकवत नाहीत आणि हरायचं त्यांना ठाऊक नाही. "आज रस्सा!" ते मिशीवर हात फिरवत गरजले. सगळे हसले. मीही हसले, आणि शेजारी बघते तर पोरीचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"मावशी," ती पुटपुटली, "देवाला दावून घरी न्ह्यायचं नसतं व्हय?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या घरी नैवेद्याचं ताट देवाला दाखवायचं आणि परत घरी आणायचं. तिनं कोंबडी दिलेलीच नव्हती, नुसती दाखवायला आणली होती!

मी ताडकन बोली लावली. बागायतदारांनी वर चढवली. मी आणखी चढवली, तशी त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि मिश्कील हसत दुप्पट केली. माझी पर्स तिथंच संपली. उठून "थांबा, चूक झाली" म्हणणं सोपं होतं. मी अर्धी उठलेही. पण मग वाटलं, हिच्यासाठी मीच मागितलं तर ही कधी मागणार? मी खाली बसले आणि तिच्या कानात म्हणाले, "हवी असेल तर तूच सांग. सगळ्यांपुढं, मोठ्यानं."

"एक वार," पाळकसाहेब म्हणाले.

ती कोंबडीकडे बघत राहिली.

"दोन वार..."

काय केलं मी हे? आता ओरडावं म्हणून तोंड उघडलं, आणि ती सतरंजीवरून उठली.

"मी बी बोली लावते!" आवाज चिरकला. "हिची अंडी दीन. रोजची."

चर्चमध्ये हशा पिकला. पाळकसाहेबांनी हसू दाबत विचारलं, "किती दिवस?"

"ती घालती तवर."

बागायतदार उठले. "माझी बोली मोठी हाय," म्हणाले, पैसे टेबलावर ठेवले, आणि सगळे धरतात तशी कोंबडी पायांना धरून उलटी लटकवत आमच्याच दिशेनं आले. हसणं थांबलं.

पोर मात्र दोन पावलं पुढं गेली.

"उलटी नगा धरू तिला! डोस्कं दुखतं तिचं. सरळ धरा!"

एवढा धिप्पाड माणूस जागच्या जागी थांबला. त्यानं घाईघाईनं कोंबडी सरळ केली, छातीशी धरली. "चुकलं, बाई. चुकलं माझं."

"द्या हिकडं. माझी हाय ती."

त्यांनी दिली. मी टाळ्या वाजवत होते, रडत होते, शेजारणीला गदागदा हलवत होते.

"आन् अंडी?" बागायतदारांनी अगदी नरमाईनं विचारलं.

कोंबडीची रिबीन नीट करत, मान वर न करता ती म्हणाली, "न्ह्यायला तुमीच यायचं."