ऑटो परत पाठवतो म्हणालो होतो

चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. नागपूरच्या गाड्या मोठ्या स्टेशनवरून जातात आणि मूलकडची गाडी धाकट्यावर येते. एकीतून उतरून दुसरी धरायची तर मधलं गाव ओलांडावं लागतं. ते कसं ओलांडायचं, हे ज्याचं त्यानं पाहावं. धाकट्या स्टेशनच्या बाहेर बाभळी आहेत, एक बंद टपरी आहे आणि नशिबात असेल तर एखादा ऑटो.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. आठवड्यातून एकदा मूलला जातो आणि दुपारच्या गाडीनं परततो. त्या दिवशी मात्र मला तसंच पुढं नागपूरला जायचं होतं. आपाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, मुलीची मंगनी होती.

माझ्या समोर एक जोडपं बसलं होतं. सावलीकडचं, धानाची शेती करणारं. नवऱ्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं फक्त उजेड कळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या दवाखान्यात त्याचं ऑपरेशन होतं.

"बसमंधी यायले मळमळते," बाई म्हणाली. "म्हणून गाडीनं आणलं. नागपूरची गाडी त्याच टेसनावर भेटते ना, भाऊ?"

"नाई बाई, ते टेसन दूर हाये," मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

उतरलो तेव्हा बाहेर एकच ऑटो उभा होता. आत दोघं आधीच बसलेले. बाई नवऱ्याचा हात धरून माझ्याआधी तिथं पोचली.

"एकच सीट हाये," ऑटोवाला म्हणाला.

ती घुटमळली. नवऱ्याला एकट्याला बसवून आपण मागून चालत यावं, असं तिच्या मनात असावं, पण तिला हात सोडवेना. तेवढ्यात मी बोललो, "तुमी दोघं संगच या. मी जातो अन् यालेच परत पाठवतो. इथीच थांबा."

"पाठवसान ना, भाऊ?"

"पाठवतो म्हणजे पाठवतो."

ती मागं सरकली आणि मी बसलो.

ऑटो निघाला न निघाला तोच आपाचा फोन आला. मिठाई कोणती, पाहुणे किती, हे सगळं मोठं स्टेशन येईपर्यंत चाललं. फोन कानाला लावूनच भाडं दिलं आणि उतरलो. ऑटोवाल्यानं दुसरी सवारी घेतली आणि तो निघून गेला.

मी विसरलो, एवढंच झालं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो. प्लॅटफॉर्मवर चहाचा पहिला घोट घेतला आणि ते दोघं मला आठवले. गाडीला अजून वीस मिनिटं होती. बाहेर ऑटो उभे होते, एखाद्याला सांगून पाठवायला दोन मिनिटं लागली असती. पण डबा जिथं लागतो ती जागा मी धरून ठेवली होती. त्यांना काही ना काही मिळालंच असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा संपवला.

तीनेक महिन्यांनी ते पुन्हा त्याच गाडीत भेटले. नवऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी खिडकीबाहेर बघू लागलो, पण बाईनं मला ओळखलं होतं.

"भाऊ, तुमाले त्या दिवशी गाडी भेटली होती का?" तिनं विचारलं.

"भेटली," मी म्हणालो.

"आमची चुकली. ऑटो आलाच नाई. एक फटफटीवाला यायले मागं बसवून नेतो म्हणे. मीच त्याले म्हटलं, जाय बाबा, आमच्यासाठी ऑटो येऊन राह्यला." मग दवाखान्यानं महिन्यानंतरची तारीख दिली. ऑपरेशन झालं, एका डोळ्यानं दिसू लागलं होतं. आता ते तपासणीला निघाले होते. "तुमी सांगतलं असन, पण तो ऑटोवाला बेइमान निघाला."

"हो," मी म्हणालो. "सांगतलं होतं."



चंद्रपूरला उतरलो, तर स्टेशनबाहेर नेमका तोच ऑटोवाला उभा. बाईनं त्याला ओळखलं आणि भांडायलाच लागली. आंधळ्या माणसाला उन्हात बसवून ठेवलंस, तुला घरी आई-बाप नाहीत का, म्हणाली. त्या बिचाऱ्याला काही उमगेना. "मले कोणी काई सांगतलंच नाई, बाई!" तो सारखा म्हणत होता. ती म्हणाली, "खोटं काऊन बोलतं? हे भाऊ इथीच हायेत, पूस त्यायले."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"तो खरं बोलून राह्यला," मी म्हणालो. "मीच नाई सांगतलं त्याले. आठवलं होतं, तरी नाई सांगतलं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त पदर सावरला, सवयीनं नवऱ्याचा पाय उचलून ऑटोच्या पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. नवऱ्यानं चष्म्यातून माझ्या दिशेनं पाहिलं. आता त्याला मी दिसत होतो.

"बसा ना, जागा हाये," ऑटोवाला मला म्हणाला.

मी मानेनंच नको म्हटलं. ऑटो गेल्यावर घराकडे चालू लागलो. खांद्यावरच्या औजारांच्या पिशवीचा पट्टा मानेला काचत होता.

घरी बायकोनं विचारलं, "इतनी देर?"

"ऑटो नहीं मिला," मी म्हणालो आणि पाय धुवायला गेलो.